सिरीयसची तार

मी फटकळ आहे. माझ्या सासूपासून आमच्या चर्चच्या पाळकांपर्यंत सगळ्यांनी हे मला तोंडावर सांगितलेलं आहे. मी म्हणते, बघा, तुम्हीसुद्धा तोंडावरच सांगितलंत की! पाळकसाहेब त्यावर हसले. सासू नाही हसली.

पण मी काही आईच्या पोटातून अशी आले नाही. मला अशी केली एका इंग्रजी शब्दानं. सिरीयस.

आताच्या पोरांना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. तेव्हा घरोघरी फोन कुठले? लांबच्या माणसाला तातडीनं कळवायचं तर तार. आणि घरात माणूस मेलं तरी 'मेलं' असं तारेत कुणी लिहीत नसे. लिहायचं काय, तर 'मदर सिरीयस, स्टार्ट इमिजिएटली'. आई इकडे सरणावर, नि तारेत आपली सिरीयस. का, तर पोरानं वाटेत धीर सोडू नये, एकट्यानं गाडीत रडून रडून त्याचं काही बरंवाईट होऊ नये. मराठीत 'गेली' म्हटलं की गेलीच, तिथं आडोसा नाही. इंग्रजीच्या आडोशाला मात्र मेलेलं माणूस दोन-चार दिवस जिवंत ठेवता यायचं.

माझे वडील इसहाक मास्तर, मिशनच्या शाळेत शिकवायचे. मी अठरा वर्षांची, मिरजेला नर्सिंग शिकत होते. 'फादर सिरीयस' अशी तार आली. मी खुळी! लिहिलंय ते खरं धरलं. स्टेशनवर सहा मोसंबी घेतली, आजारी माणसाला रस द्यावा म्हणून. गाडीत रात्रभर देवाशी घासाघीस केली, की प्रभू, माझ्यातली दहा वर्षं घे नि माझ्या बापाला दे. घराच्या दारातून 'बाबा' म्हणून हाक मारली, तर आतून चुलता बाहेर आला. बाबांना पुरून दोन दिवस झाले होते. मी ती मोसंबी अंगणात भिरकावली नि म्हटलं, "काका, मेलेल्या माणसासाठी रात्रभर प्रार्थना करायला लावलीत मला. आता त्या देवापुढे कोणत्या तोंडानं उभी राहू?" काका म्हणाले, "बाळ, तुझ्याच भल्यासाठी केलं गं." त्या दिवसापासून मला गोड शब्दांची शिसारी बसली.

आणि नशीब बघा, नोकरी लागली ती गोड शब्दांच्याच कारखान्यात. नगर-औरंगाबाद रस्त्यावरच्या एका गावात मिशनचा दवाखाना होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या दोघीतिघी अजून धडधाकट आहेत, भांडायला येतील. मोठ्या सिस्टर होत्या मेरीबाई. बाई देवमाणूस, पण बोलणं म्हणजे सगळं कापसात गुंडाळलेलं. नव्या पोरींना त्या आधी इंजेक्शन शिकवत नसत, शब्द शिकवत. 'डेड' म्हणायचं नाही, 'एक्स्पायर्ड' म्हणायचं. 'कॅन्सर' शब्द वॉर्डात उच्चारायचा नाही, 'ग्रोथ' म्हणायचं. डोक्यावर परिणाम झालेली बाई 'नर्व्हस'. नाडी लागेनाशी झाली की 'सिंकिंग'. नातेवाइकांना इंग्रजी कळत नाही, त्यामुळे त्यांच्या देखत हे सगळं खुशाल बोलता यायचं. पेशंटला मराठीत एवढंच, "जरा सूज आहे, उतरेल."

मी एकदा म्हटलंच, "बाई, आपण कुणाला फसवतोय?"

मेरीबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "दया, तुझ्या वयाची असताना मी एका माणसाला खरं सांगितलं होतं. त्यानं दवाखान्यामागच्या विहिरीत उडी घेतली. तेव्हापासून मी असं बोलते."

मी सुया उकळायला ठेवल्या.

त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी असेल. पाऊस दोन वर्षं फिरकला नव्हता. सरकारी कागदात त्याला 'स्कॅर्सिटी' म्हणत, पण पुंजाराम खडी फोडायला जायचा तो दुष्काळी कामावरच. हा पुंजाराम आमच्या सात नंबरच्या खाटेवरच्या राहीबाईचा नवरा. साठीचा, वाळून कोळ झालेला. सकाळी तिला दोन घोट पेज पाजायचा, कपाळाला कुंकू लावून द्यायचा, कारण तिला मोतीबिंदूनं दिसत नव्हतं, आणि मग तीन मैल चालत तलावाच्या कामावर, जिथं सुरुंगानं खडक उडवत. हजेरी चुकली की नाव कटायचं. संध्याकाळी भुवयांपर्यंत धुळीनं पांढरा होऊन परत.

राहीबाईच्या पोटात 'ग्रोथ' होती. नगरच्या मोठ्या डॉक्टरनं बघितलं, पोट उघडायचंसुद्धा नाही म्हणाला. आम्ही तिला सांगितलं, सूज आहे. ती म्हणायची, "लई दिस झालं गं शिस्टरबाई, ही सूज काय माज्याशी सोयरीक करून बसली का काय?" बाई मोठी गमतीची. आणि तिचं सगळं मागणं दोनच गोष्टींचं. एक, जेव्हा कधी जाईन तेव्हा कुंकवानं जाईन, म्हाताऱ्याच्या आधी. आणि दुसरं, एकदा गोरख दिसावा. दिसायचं कसलं, हाताला लागावा.

गोरख तिचा मुलगा, मिलिटरीत ड्रायव्हर, सिकंदराबादला. मुलगी चांगुणा भुसावळला दिलेली, जावई रेल्वेत. तिला वीसच दिवसांपूर्वी दुसरं मूल झालं होतं. पुंजाराम म्हणाला, "वली बाळंतीन हाय. तिला यातलं काय बी कळवू नका, दूध आटंल तिचं." म्हणून तिला कार्ड घातलं, आई बरी आहे, काळजी नसावी. ते कार्ड मीच लिहिलं, दातओठ खात.

गोरखला मात्र बोलवायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस, फार तर दहा. मी राहीबाईला म्हटलं, "मावशी, गोरखला तार करते. तो येईपर्यंत तू इथंच राहायचंस. शब्द दे." ती म्हणाली, "दिला. तू बी दे." मी पण दिला, त्याला आणीन म्हणून.

सोमवारी पोस्टात गेले. रंगनाथ पोस्टमास्तरांकडे तारेचं यंत्र होतं. मी फॉर्मवर लिहिलं, 'मदर सिरीयस, कम सून, फादर'. रंगनाथरावांनी चष्म्यावरून बघितलं, चेहरा पाडला. "अरेरे. कधी गेल्या?"

"कधी गेल्या म्हणजे? जिवंत आहे बाई!"

"जिवंत?" त्यांनी चष्मा वर सरकवला. "बरं बरं, असो," म्हणाले नि कडकट्ट सुरू केलं.

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी कशी परतले सांगू? मान वर करून! म्हटलं, चला, या पोस्टातून आज एकतरी खरी तार गेली. जन्मभर ज्या शब्दाला शिव्या घातल्या, तोच मी स्वतःच्या हातानं लिहिला, आणि खरा आहे म्हणून खूश झाले. लोकांनी तो इतकी वर्षं वापरून त्याचं काय करून ठेवलंय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मंगळवारी राहीबाईनं पदराला एक गाठ मारली. रोज एक गाठ मारायची नि विचारायची, "आला का गं माजा गोरख?" बुधवारी दुसरी गाठ. गुरुवारी तिला पेजही उतरेना, नुसतं पाणी. शुक्रवारी चौथी गाठ मारायला बोटात जोर नव्हता, ती मी मारून दिली. आवाज खोल गेला होता. मेरीबाई वहीत 'सिंकिंग' लिहून गेल्या. मी देवाला म्हटलं, मागं एकदा तुझ्याशी बोलले ते वाया गेलं, या वेळी तरी ऐक.

शनिवारी दुपारी मी व्हरांड्यात गॉजच्या घड्या घालत होते. रस्त्यावर एस्टी थांबली. एक तिशीचा उंचापुरा माणूस पत्र्याची ट्रंक घेऊन उतरला. खांद्यावर ओला पंचा. तोंड उन्हानं करपलेलं, आणि डोकं मात्र पांढरंफटक, नुकतंच भादरलेलं, मागं शेंडीपुरते केस. मिशीही काढलेली. पायरीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, राहीबाई पुंजाराम इथंच वारल्या ना? मी त्यांचा मुलगा. मिलिटरीला दाखला दावावा लागतो, रजेसाठी. म्हटलं, घेऊनच घरला जावं."

माझ्या हातातली गॉजची घडी सुटली. मी म्हटलं, "अरे बाबा, आत आहे ती. सात नंबरला. जिवंत आहे!"

त्यानं ट्रंक पायरीवर टाकली. ती घरंगळत खाली गेली. मग एकदम माझ्यावर उसळला. "मग तारेत सिरीयस का लिवलं?"

"सिरीयसच आहे म्हणून लिहिलं!"

"सिरीयस म्हंजे काय ते सगळ्या मुलखाला ठावं हाय! तार आली तवा अख्खी बराक माझ्याजवळ येऊन बसली. सुभेदारसाहेब म्हनले, जो हुआ सो हुआ. सिरीयसची तार आलेल्या कुनाला आई जित्ती घावलीय आजवर? तुमीच सांगा!" त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "मंगळवारीच तार मिळाली वो. त्याच रातीच्या गाडीनं निघाया येत हुतं. मी म्हटलं, आता घाई करून काय? अग्नी तर बापानं दिला आसंल. दोन दिस तसाच पडून राहिलो. आज टोक्याला उतरलो, गोदागंगेवर केस दिलं, आंघूळ केली, त्यात एक गाडी सोडली. जित्ती हाय असं एक अक्षर लिवलं असतंत, तर पळत आलो असतो."

माझी चूक होती. मी म्हटलं, "माझं चुकलं, गोरखभाऊ. मीच लिहिली ती तार. नंतर मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, आता आधी आत चला."

दाराशी मला त्याच्या डोक्याची आठवण झाली. मुलाचं भादरलेलं डोकं आईच्या हाताला लागलं तर? मी त्याचा पंचा घेतला नि त्याच्या डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला. स्वतःला फार हुशार समजत होते मी.

"मावशी, गोरख आला बघ."

राहीबाईच्या सगळ्या अंगात जीव आला. दोन्ही हात वर केले. तो खाटेशी गुडघे टेकून बसला नि ढसाढसा रडायला लागला. तिनं त्याचे खांदे चाचपले, मान, कान, गाल. "किती वाळलास रं... माजा वाघ त्यो... " बोटं ओठांवर आली नि तिथंच थांबली. मिशी नव्हती. आम्ही दोघंही मिशी विसरलो होतो.

तिनं पुन्हा ओठावरून बोट फिरवलं. मग पंचा ओढून काढला. डोक्यावर तळहात ठेवला. वॉर्डातल्या सगळ्या बाया बघत होत्या.

"तुजा बाप गेला," राहीबाई म्हणाली.

"न्हाई आई, न्हाई—"

"सुरुंगात गेला! मला रोज वाटायचं त्या कामावर..." तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या खाटेवरचं पोर दचकून उठलं. तीन दिवस जिला पेजसुद्धा उतरत नव्हती, ती बाई उठून बसली. तळहातानं कपाळावरचं कुंकू खसाखसा पुसलं. मग खाटेच्या लोखंडी दांडीवर हात आपटायला उचलला, बांगड्या फोडायला. मी तो मनगटातच धरला.

"मावशी, पुंजारामबाबा जिवंत आहेत! कामावर गेलेत. संध्याकाळी येतील."

"सोड मला. खोटं बोलू नगस."

गलका ऐकून मेरीबाई धावत आल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "राहीबाई, शांत व्हा. सगळं ठीक आहे. काही झालेलं नाही."

राहीबाईनं त्यांच्याकडे तोंड फिरवलं. "तुमचं सगळं ठीकच असतंय वो बाई! परवा त्या सहा नंबरच्या बाईला नगरला नेली म्हनला. मला डोळं न्हाईत, पर कान हायेत. तिची लेक तोंडात पदर कोंबून रडत हुती. नगरला न्हेताना रडतात व्हय? माजी सूज उतरंल म्हनता, म्हैनाभर झाला म्हनता. तुमच्या तोंडचं मला काय बी खरं वाटत न्हाई. आन् बांगड्या फोडू द्या मला."

मनगट माझ्या हातात होतं, काडीसारखं, पण ओढ अशी की मला आवरेना. गोरख नुसता "आई, आई" करत होता. आणि मला लख्ख दिसलं. या बाईला आता खरं पटवायचं तर एकच खरं आमच्याजवळ शिल्लक होतं. मी मेरीबाईंकडे बघितलं. त्यांनी ओळखलं. मान हलवली, नको. त्यांच्या डोळ्यांपुढे ती विहीर होती, हे मला कळत होतं.

पण संध्याकाळपर्यंत ही बाई टिकेल की नाही कुणास ठाऊक. मेली असती तर विधवा म्हणून मेली असती, नवरा धडधाकट असताना.

मी खाटेवर बसले. पेशंटच्या खाटेवर बसायची आम्हाला बंदी होती. म्हटलं, "राहीमावशी, ऐक. तुझा नवरा मरायला टेकलेला नाही. तू टेकली आहेस. तुझ्या पोटात सूज नाही, कॅन्सर आहे. त्याला औषध नाही. आठ दिवसांचीसुद्धा खात्री नाही. मी तार केली, ती वाचून गोरखला वाटलं तू मेलीस. त्यानं टोक्याला केस दिले ते तुझ्यासाठी दिले, बापासाठी नाही. आम्ही सगळे तुझ्याशी खोटं बोललो. हे मात्र खरं आहे."

बोलून झालं तेव्हा माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तिच्या मनगटाची ओढ हळूहळू सैल झाली.

"मी मरनार?"

"व्हय, मावशी."

"आन् म्हातारा जित्ता हाय?"

"जित्ता आहे."

तिनं मोठा श्वास सोडला. "हां," म्हणाली, "आता खरं वाटतंय. असलं कोन खोटं सांगंल?" आणि लगेच हात पुढे केला. "कुंकू आन. पुसलं न्हवं मी, येडी कुठली!"

कुंकू मी लावलं. टिळा वाकडा लागला. मग तिनं गोरखचं डोकं परत मांडीवर ओढून घेतलं, त्या तुळतुळीत टाळूवरून हात फिरवला, आणि काय सांगू, ती बाई हसायला लागली. "आरं गाढवा! माजं सुतक माज्याच म्होरं?" शेजारची खाट हसली, पलीकडची हसली, गोरख रडता रडता हसला.

"कुठं बसलास केस द्यायला?"

"घाटावर. पायरीवर."

"गंगंला पानी हुतं?"

"गुडघ्याइतकं. डबकंच."

"आन् रडलास का?"

"लई रडलो आई. न्हावी वस्तरा उचलून थांबला. म्हनला, फौजी, डोकं हलवू नगा, कापंल."

"आजून सांग," ती म्हणाली. गेले महिनाभर तिनं काही मागून खाल्लं नव्हतं, पण हे ती मागून मागून ऐकत होती. कोण जवळ बसलं, भाकरी खाल्ली की नाही, बराकीत कुणाला आईबद्दल काय सांगितलं. आपल्या पाठीमागं आपलं पोर कसं रडतं, हे कुठल्या आईला बघायला मिळतं? सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "बास. भरून पावले. आता म्होरच्या वक्ताला रडू नगस, एकदा झालंय."

मी उठून बाहेर आले. मेरीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, रागवा."

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या माणसाला मी खरं सांगितलं ना, दया, ते दारातूनच सांगितलं. सांगून पुढच्या वॉर्डात गेले. तू खाटेवर बसलीस." मग म्हणाल्या, "जा, बस तिच्याजवळ. तुझ्या खाटा आज मी बघते."

दिवस मावळायला पुंजाराम आला. तो दारात दिसला तशी मी ओरडले, "मावशी, आले बघ!" तिनं त्याचा धुळीनं भरलेला हात स्वतःच्या गालाला लावला नि सोडेचना. पुंजारामला काही उमगेना. मुलगा आला म्हणून खूश व्हावं, की त्याचं डोकं बघून घाबरावं!

"आवं," ती म्हणाली, "मला समदं कळलंय. आता मला घरी न्या. माज्या वसरीवर मरू द्या." आणि मग, "चांगुणीला काय कळवलंत?"

पुंजारामनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आई बरी आहे म्हणून कळवलं. मीच लिहिलं, मावशी."

"आता बरं न्हाई म्हनून लिव."

"आगं, वली बाळंतीन हाय ती," पुंजाराम म्हणाला. "दूध आटंल."

"आटलं तर शेळीचं पाजंल. मी गेल्यावर आई कुठली आनंल?" ती माझ्याकडे वळली. "तार लिव. पर त्यो तुजा मेला शब्द नगं."

"मग काय लिहू?"

"लिव, जित्ती हाय, ये."

"आणि खाली नाव? बाबांचं?"

"त्येंचं कशाला? माजं. मी सांगितल्याबिगर तिला खरं वाटायचं न्हाई."

रविवारी पोस्ट बंद. तरी मी रंगनाथरावांच्या घरी जाऊन त्यांना जेवणावरून उठवलं. फॉर्मवर सहीच्या जागी राहीबाईचा अंगठा होता. मी इंग्रजीत लिहिलं होतं, 'अलाइव्ह, कम, मदर'.

त्यांनी कागद दोनदा वाचला. "सिस्टर, बावीस वर्षं झाली मला या यंत्रावर. पेशंटनं आपली तार आपण दिलेली पाहिली नाही. यात सिरीयस कुठं घालू?"

"कुठंच घालू नका," मी म्हटलं. "आणि लवकर वाजवा."

राहीबाई त्यानंतर आठव्या दिवशी मेली. मेली असंच म्हणते मी. स्वतःच्या ओसरीवर, कुंकवानं. गोरख रडलाच, कबूल करूनसुद्धा. दहाव्याला न्हाव्यानं त्याच्या खुंटांवरून वस्तरा फिरवला, तेव्हा पुंजाराम म्हणाला, "ऱ्हाऊ दे रं, तिनं ह्याचं केस आधीच घेतल्यात."

पण माझ्या मनात राहिलं ते हे नव्हे. मला आठवतो तो तारेनंतरचा मंगळवार. मी त्यांच्या घरी इंजेक्शन द्यायला गेले होते. राहीबाई खाटेवर डोळे मिटून पडलेली. बाहेर कुणाच्या तरी पळण्याचा आवाज आला. चांगुणा होती. केस विंचरलेले नाहीत, एका पायात चप्पल नाही, छातीशी लुगड्यात गुंडाळलेलं पोर. फाट्यावरून ती पळत आली होती, ओली बाळंतीण. उंबऱ्यातूनच तिनं हाक मारली, "आई!"

आणि आतून आवाज आला, "ओ."

मी सिरिंज तशीच ताटलीत ठेवली नि मागच्या दारी जाऊन उभी राहिले. तेरा वर्षांपूर्वी मीही उंबऱ्यातूनच हाक मारली होती. भिंतीला डोकं टेकून मी रडून घेतलं, बाबांसाठी, आणि त्या सहा मोसंब्यांसाठी. मग तोंड धुतलं नि आत जाऊन इंजेक्शन दिलं.